आजच्या मापाचे स्केट्स

जळगावात फुले मार्केटमागच्या गल्लीत चंपालाल शेठजींचं शाळेच्या गणवेशाचं आणि बुटांचं दुकान आहे, आणि त्या दुकानातून अंगाला नीट बसणारा कपडा घेऊन बाहेर पडलेलं पोर अजून कुणी पाहिलेलं नाही. बाह्या कोपराखाली, चड्डीचा पट्टा बेंबीवरून फिरून परत बेंबीवर, आणि बूट तर असे की पोर वळलं तरी बूट सरळच बघत राहावेत. आई-बाप कुरकुरले की शेठजी बुटाच्या टोकावर अंगठा दाबून दाखवत. "एवढीच तर जागा आहे. वाढतं अंग आहे हो, दिवाळीपर्यंत भरून जाईल." कुठली दिवाळी, ते सांगत नसत.

हा नियम दुकानाचं शटर पडल्यावर तिथंच राहिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण तो रोज शेठजींबरोबर स्कूटरवर बसून घरी येई. मुलगा रोनक याचा लग्नातला सूटसुद्धा वाढत्या मापाचा शिवला होता. रोनकची तिशी उलटली तरी त्याचं अंग काही त्या सुटापर्यंत पोचलं नव्हतं. शेठजींच्या पत्नी चंद्रकांताबाई धुळ्याकडच्या पिंपळनेरहून लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा सासरकडून आलेल्या चपला त्यांच्या पायांत होडीसारख्या हलत होत्या. "वाढेल पाय," असं सासरे म्हणाले होते. एकोणीस वर्षांच्या बाईचा पाय! तो वाढला नाहीच, पण अंगठ्यानं चप्पल आवळून धरत चालायची सवय मात्र बाईंना लागली ती लागलीच. खुद्द शेठजींची कापडी मोजडी जोधपूरहून पायाचं माप पाठवून येई. जैनांच्या या घरात कांदा शिजत नसला तरी नाकानं कांदे सोलायला त्यांना कुणाची बंदी नव्हती.

एवढी वर्षं बाईंनी यावर ब्र काढला नव्हता. भांडावं एवढी मोठी गोष्ट ती त्यांना कधी वाटली नाही. चप्पल ती चप्पल, सूट तो सूट. मग नात रिद्धीला स्केटिंग शिकायचं वेड लागलं.

रिद्धी सात वर्षांची. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी क्लास चाले, आणि तिच्या वर्गातल्या चौघीजणी बुटाखाली एका ओळीत चार चाकं लावून सुळकन जाताना तिनं पाहिल्या होत्या. शेठजींनी नाही म्हटलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. नातीवर त्यांचा जीव होता. ते स्वतः जाऊन चांगले, महागाचे स्केट्स घेऊन आले, आणि दोन नंबर मोठे घेऊन आले. पुढच्या बाजूला त्यांनी आपल्या हातानं कापूस कोंबला. कापसाच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा!

महिना गेला. त्याच दिवशी क्लासला लागलेली पोरं आता मैदानाला चकरा मारत होती, आणि रिद्धी अजून कठड्याला धरून उभी होती. कठडा सोडला की तिचे घोटे आत वळत, आणि ती पडे. पुन्हा उठे, पुन्हा पडे. एके दिवशी शेठजी कौतुकानं बघायला गेले, तर नेमकी ती त्यांच्यासमोर आपटली, तीही सराफांच्या आणि धान्यवाल्यांच्या सगळ्या घरच्यांदेखत. सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसले तेव्हा शेठजी बोलले.

"तिच्याच्यानं होत नाही. आपल्या घराण्याच्या रक्तातच नाही ते. येत्या रविवारी शेवटचा क्लास, मग स्केट्स माळ्यावर. चित्रकलेला घाला तिला."

रोनकनं ताटात पाहिलं. सून नूतननं रोनककडं पाहिलं. रिद्धीनं पोळीचा तुकडा तोडला आणि तो तसाच हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकांताबाई तिच्या सुजलेल्या घोट्याला तेल चोळत होत्या. रिद्धी रडत नव्हती. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती आपल्या पावलांकडे बघत होती, दुकानात परत आलेल्या खराब मालाकडे बघावं तशी.

"दादी, माझे पाय वाईट आहेत का?"

"कोण म्हणालं असं?"

"कुणी नाही. सगळ्यांचे चालतात. माझेच चालत नाहीत."

बाईंना राग आला. हा राग साधा नव्हता. पदराला हात पुसून त्या उठल्या तेव्हा तेलाची वाटी लवंडली आणि ती त्यांनी उचललीही नाही. सात वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या पायांना नावं ठेवावीत! स्केट्स गेले चुलीत. चक्कर मारता आली नाही तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आज स्केट्स माळ्यावर गेले, तर ती पोर जन्मभर मानणार होती की आपले पाय वाईट आहेत. हे बाईंना दिसलं, आणि एकदा दिसलं म्हणजे दिसलं.

त्या संध्याकाळी क्लासला त्या स्वतः गेल्या. शिकवणारी दिपमाला नावाची ठसठशीत मुलगी होती, गळ्यात शिट्टी, बोलायला सरळ. तिनं रिद्धीला उभं केलं आणि बुटाच्या मागच्या बाजूनं, टाचेशी बोटं घातली. दोन बोटं आरामात गेली. मग तिनं बूट काढून आतला कापूस ओढला. तो इतका निघाला की एक लहान उशी भरली असती.

"आजी, टाच अशी उचलली गेली की घोटा आत वळणारच. हिच्या जागी मी असते तरी पडले असते. स्केटचा बूट म्हणजे शाळेचा बूट नव्हे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं जरा टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागं सरली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. मोजे पातळ. घोट्याशी बूट ताठ. एवढं बघा आणि घ्या." मग तिनं जरा थांबून विचारलं, "रोनकभाऊ बोलले नाहीत का घरी? मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

रोनक बोलला नव्हता. घरी येऊन बाईंनी त्याला विचारलं तेव्हा त्यानं मोबाईल उलटा ठेवला आणि म्हणाला, "मम्मी, पप्पांना कोण सांगणार?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "तू सूट घालून बस."

सांगायच्या आधी नवे स्केट्स घेऊनच टाकावेत, म्हणजे वाद घालायला जागा उरणार नाही, असा बाईंचा बेत होता. दुसऱ्या दिवशी रिद्धीला घेऊन त्या नवलभाऊंच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. नवलभाऊंनी खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडं फिरवला, रिद्धीच्या हातात गोळी दिली. बाईंनी माप सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, अगदी पायाबरोबर? शेठजींना एक फोन करतो. नाहीतर उद्या मलाच म्हणतील, नवल, तुला धंदा कळत नाही."

आणि बाई नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावला. तिकडून शेठजींचा आवाज अख्ख्या दुकानाला ऐकू आला. "स्केट्स आहेत की घरात! आणि द्यायचेच असले तर दोन नंबर मोठेच दे रे."

बाई उठल्या. "नवलभाऊ, पाय माझ्या नातीचे आहेत की शेठजींचे?" असं विचारून त्या उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरल्या. जळगावातल्या प्रत्येक दुकानात हाच फोन लागणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. नवऱ्याची ओळख ही बायकोच्या उपयोगाला येते असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा चपला घ्यायला जाऊन बघावं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शनिवारी मी धुळ्याला जाते. रिद्धीला घेऊन. स्केट्स घ्यायला."

शेठजी हसले. "धुळ्यात गेल्यावर काय पाय लहान होतात?"

"पाय नाही. तुमची ओळख लहान होते."

नूतनच्या हातातलं भांडं वाजलं. शेठजींचं हसू ओठांवरच राहिलं. "आहेत ते स्केट्स काय वाईट आहेत?"

"चांगले आहेत. तिच्या पायाचे नाहीत."

"अगं, वाढतं अंग आहे तिचं! दोन वर्षांत..."

"दोन वर्षांनी ती नऊ वर्षांची होईल, तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीचे घेऊ. आज ती सात वर्षांची आहे आणि रविवारी तिला मैदानावर जायचं आहे." एवढं बोलून त्यांनी ताटं उचलली.

शनिवारी सकाळी एसटीत खिडकीची जागा रिद्धीला मिळाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रिद्धी नेहमी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचणारी पोर. आज तिनं एकही वाचली नाही. धुळं जवळ आलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "दादी, नवीन बुटात पण पडले तर?"

"तर पडशील," बाई म्हणाल्या. "पडण्याला कुणाची ना आहे?"

आग्रा रोडवरच्या दुकानाचे मालक अभिमनभाऊ पोट सुटलेले, हसरे गृहस्थ होते. त्यांनी आधी दिव्यांचे स्केट्स काढले. चाक फिरलं की लाल-हिरवा उजेड पडे. रिद्धीचे डोळे चमकले. बाईंनी चाकाला नख लावून पाहिलं. कडक प्लास्टिक, टक् टक् वाजणारं. बुटाचं वरचं कापड मुठीत धरलं तर चिंधीसारखं मुडपलं.

"हे खेळणं आहे. घोटा धरणारं दाखवा. आणि चामडं नको हं, आम्हाला चालत नाही."

"चामडं नाही, अक्का, सगळं सिंथेटिक." दुसरा जोड आला. घोट्याशी ताठ, वर पक्का बकल, खाली नाडी, मऊ रबरासारखी चाकं आणि उजव्या टाचेला ब्रेक. बाईंनी रिद्धीला पातळ मोजे घालायला लावले. अभिमनभाऊ खाली बसले, बकल लावलं, बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "अक्का, एक नंबर मोठा ल्या. पोरनं वाढतं आंग शे."

झालं! ज्या वाक्यापासून पळून बाई पारोळा ओलांडून आल्या होत्या, तेच वाक्य इथं पाटावर बसून वाट बघत होतं. चंद्रकांताबाईंचं बालपण पिंपळनेरच्या बाजारात, वडलांच्या किराणा दुकानात गेलं होतं, आणि खरा राग आला की घरातली मारवाडी आणि शहरातली मराठी दोन्ही बाजूला सारून त्यांची अहिराणी वर येई.

"बठ्ठी दुनिया माले हाईच सांगी ऱ्हायनी! भाऊ, मनी नातना पाय आज जेवढा शे, तेवढाच बूट माले पाहिजे. पुढला सालना पाय पुढला साली देखसूत."

अभिमनभाऊंनी वर पाहिलं. "अक्का, गाव कोनतं तुमनं?"

"पिंपळनेर."

"मंग बोलनंच खुंटलं," असं म्हणून ते हसत उठले आणि मागच्या फळीवरून आणखी एक डबा घेऊन आले. हे स्केट्स लहान-मोठे होणारे होते. बाजूचं बटण दाबायचं, पुढचा भाग ओढायचा, की खट्ट आवाज होऊन बूट एक नंबर वाढे. असे चार नंबर. बाईंच्या कपाळावर आठी पडली. वाढतं म्हटलं की त्यांना आता अंगठ्यात पेटका येई. पण अभिमनभाऊंनी बूट सगळ्यात लहान खाचेवर बंद केला आणि रिद्धीच्या पायात घातला.

"उभी राहा," बाई म्हणाल्या. "बोटं टेकतात?"

"जराशी."

"गुडघे वाकव. आता?"

"आता नाही टेकत."

बाईंनी टाचेमागं बोट घालून पाहिलं. करंगळीसुद्धा जाईना. त्यांनी दोन्ही हातांनी बूट धरला आणि रिद्धीला टाच उचलायला सांगितलं. टाच हलली नाही. बूटच पायाबरोबर वर आला. घोटे सरळ होते. रिद्धीनं खाली पाहिलं, मग आरशात पाहिलं, आणि काउंटरला धरलेला हात सुटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी हेल्मेट मागितलं, गुडघ्याचे, कोपराचे, मनगटाचे पॅड मागितले, आणि तेही सगळे घालून बघितले. हेल्मेटही अभिमनभाऊंनी सवयीनं मोठंच काढलं होतं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी ते मुकाट्यानं बदललं.

जळगावला उतरल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. चोरी थोडीच केली होती! त्या तडक दुकानात गेल्या आणि डबा गल्ल्यासमोर ठेवला. दुकानात नशिराबादहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यांच्या मुलीच्या पायात काळे बूट होते आणि ती बिचारी बदकासारखी चालून दाखवत होती.

शेठजींनी डबा उघडला. मनातून त्यांना उत्सुकता होतीच. स्केट उलटसुलट करून पाहताना बाजूचं बटण त्यांच्या बोटाखाली आलं, पुढचा भाग ओढला गेला, आणि खट्ट करून बूट वाढला. शेठजी थक्क झाले. पुन्हा दाबलं, पुन्हा वाढला. त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. शेवटच्या खाचेपर्यंत बूट ओढून त्यांनी तो नशिराबादच्या पाहुण्यांना दाखवला.

"बघा! वाढत्या मापाचा! कंपनीला पण कळतं, आमच्या घरात कळत नाही. रिद्धी, इकडं ये बेटा. आत्तापासून याच नंबरवर घाल, म्हणजे सवय होईल. कापूस देतो मी."

त्यांनी ड्रॉवर उघडून कापूस काढलाही. चंद्रकांताबाई पुढं झाल्या. त्यांना जे बोलायचं होतं ते जिभेवर तयार होतं, आणि ते ऐकून शेठजी आठवडाभर जेवले नसते. पण त्यांच्याआधी रिद्धी फरशीवर बसली, तिनं आजोबांच्या हातातून स्केट ओढून घेतला, दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं आणि सगळा जोर लावून बूट मागं ढकलला. खट्ट, खट्ट, खट्ट. लहान खाच बसली.

"दादाजी, हा आत्ता असाच राहणार," ती म्हणाली.

शेठजींच्या हातात कापूस तसाच राहिला. घरच्या कुणी त्यांना असं चारचौघांत तोंडावर सांगितलं नव्हतं, मुलानं तर नाहीच. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं नजर खाली घातली नाही.

"कापूस ठेवा आत," बाई म्हणाल्या. "दिवे लावायला होईल."

नशिराबादच्या बाईनं आपल्या मुलीच्या बुटाचं टोक दाबून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि जरा भीतभीत म्हणाली, "शेठजी, हिलापण एक नंबर लहान दाखवता का?"

शेठजींनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. ते बाहेर बघत होते, कारण रिद्धी स्केट्स घालून, हेल्मेटचा पट्टा आवळून दुकानाच्या पायरीवरून आजीच्या हाताला धरून खाली उतरली होती. गल्ली काँक्रीटची, दुपारची, मोकळी. तिनं आजीचा हात सोडला. एक पाय पुढं गेला, मग दुसरा. घोटे सरळ राहिले. साडीच्या दुकानापर्यंत ती गेली, स्टेशनरीच्या दुकानापर्यंत गेली, आणि तिथं वळायच्या नादात दाणकन पडली.

"बघा!" शेठजी गल्ल्यावरून ओरडले. त्या आवाजात काळजी होती आणि आनंदही होता. दोन्ही त्यांना लपवता आली नाहीत. "पडली! मी म्हटलं नव्हतं? धुळ्याला जाऊन आणले तरी पडलीच ना!"

चंद्रकांताबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. उचलायला धावायचं त्यांच्या पायांत आलं होतं, पण त्या हलल्या नाहीत. अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पडली तर पडली! शिकताना माणूस पडतं. आजवर तुमचा बूट तिला पाडत होता. आज ती स्वतः पडली आहे, तिची ती उठेल. खबरदार कुणी हात दिला तर!"

शेजारच्या दुकानातला पुढं झालेला माणूस जागच्या जागी थांबला. रिद्धी गुडघ्यांच्या पॅडवर बसली होती. तिनं दोन्ही हात एका गुडघ्यावर टेकले, एक स्केट खाली रोवला, डुगडुगली, आणि उभी राहिली. घोट्यांकडे तिनं वाकून पाहिलं. मग मान वर करून दुकानाकडे पाहिलं.

"दादाजी," ती तिथूनच ओरडली, "माझे पाय चांगले आहेत!"

आणि कशालाही न धरता ती परत यायला निघाली.